उन्हाळ्यातला वॉश आणि स्कॅन

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की जलरंगातला आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, अर्ध्यातच सुकतो आणि नको तिथे कडा उमटतात. फुटाळा तलावावर सकाळी सहालाच बसा. ३०० जीएसएमचा जाड कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर चिकटवा. खालच्या ओलाव्यामुळे वरचा रंग बराच वेळ खेळता राहतो. घरी काढत असाल तर कूलरसमोर मुळीच नको, एकच बाजू आधी सुकते.

स्कॅन चित्र पूर्ण वाळल्यावरच, ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके). दुप्पट मोठी प्रिंटही मग ३०० डीपीआयची निघते. स्कॅनरचं ऑटो करेक्शन आधी बंद करा. त्यानेच माझ्या अंबाझरी तलावावरच्या पहाटेच्या चित्रातला फिकट पिवळा पार पांढरा झाला होता. मूळ चित्र शेजारी, खिडकीच्या उजेडात ठेवूनच स्कॅनच्या लेव्हल्स (उजळ-गडदपणा) जुळवा.