कार्बन कॉइलचा टच सेन्सर बनवताय? मग या चुका टाळा

प्रोजेक्टचा सीझन आला की सोलापुरातली निम्मी पोरं तेच रडगाणं घेऊन येतात, सर दाबतोय पण आकडा हलत नाही. नव्वद टक्के वेळा मी पीस हातात न घेताच सांगतो, कॉइल तुटल्यात.

जपानच्या गिफू विद्यापीठातल्या मोतोजिमा यांच्या टीमने १९९० मध्ये निकेलवर ॲसिटिलीन वायू तापवून कार्बनची ही कॉइल उगवल्याचं छापलं. काही मायक्रॉन रुंदीची स्प्रिंग, ताणली की लांबते, सोडली की परत येते. सिलिकॉन रबरात पसरवली की दाबासरशी रेझिस्टन्स, कपॅसिटन्स, इंडक्टन्स हे विजेचे तिन्ही गुण हलतात. सगळा खेळ त्या वेटोळ्याचा, ते मोडलं तर उरते काजळी.

आणि एका दिवट्याने काय करावं? हाताने ढवळायला कंटाळा म्हणून कॉइलची पावडर आणि सिलिकॉन घरच्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घालून गरगर फिरवलं. माल निघाला काळाभोर, मऊसूत, स्वारी खुश. दाबलं तर ढिम्म. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर एक धड वेटोळं नाही, सगळा चुरा, वर घरी भांड्यावरून शिव्या बसल्या त्या वेगळ्याच. अरे आपण शेंगाचटणीलासुद्धा उखळ शोधणारी माणसं, इथं कसली घाई? मी हार्डनर, म्हणजे सिलिकॉन घट्ट करणारा भाग, न घालता चपट्या पट्टीने चिमूट चिमूट पावडर मिसळतो, हात दुखला की चहा, मग परत. सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी ढवळणारं यंत्र, तेही तासभर लावून ठेवू नका, तेही कॉइल तोडतं.

जास्त पावडर म्हणजे जास्त सेन्सिटिव्ह हा गैरसमज. कॉइल एकमेकींना आधीच चिकटून बसल्या तर दाबून बदलणार काय? वजनाने एक-दोन टक्क्यांपासून सुरू करा.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे मल्टिमीटर. तो डीसीवर फक्त रेझिस्टन्स बघतो, कॉइल कमी असल्या की ओपन, म्हणजे सर्किट तुटलंय असं दाखवतो आणि पोरं चांगला पीस कचऱ्यात टाकतात. तिन्ही गुण मोजणारा एलसीआर मीटर लावा, १०० किलोहर्ट्झच्या आसपास बघा. कॉलेजच्या लॅबमध्ये असतो, कपाटात कुलपात, सही करा आणि घ्या.

प्लॅटिनम क्युअर, म्हणजे प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणाऱ्या सिलिकॉनला लॅटेक्सचे ग्लोव्हज नकोत, त्यातल्या गंधकाने ते चिकटच राहतं, नायट्राइल वापरा.

मे महिन्यात दुपारी ओतू नका, आपल्याकडच्या ४२ डिग्रीत बुडबुडे काढायच्या आत घट्ट होतं, मी पहाटे ओततो.

वायर लांब ठेवली तर हात नुसता जवळ नेला तरी आकडा उडतो, त्याला सेन्सर चालला म्हणत नाहीत. आधी नुसती वायर हलवून बघा.