मार्दुकवर अभ्यास करायचाय? आधी माझे घोळ वाचा

एमएच्या असाइनमेंटला मी मार्दुक घेतला तो सोपा वाटला म्हणून. प्राचीन इराकमधल्या बॅबिलोनचा मुख्य देव, समुद्राची देवी तिआमात हिला मारतो, जग बनवतो, विषय संपला. कसला संपतोय.

नवीन असाल तर एनूमा एलिशपासून, म्हणजे बॅबिलोनच्या सृष्टिकथेच्या काव्यापासून, सुरुवात करू नका. वाचा नक्की, सातच टॅब्लेट्स (मातीच्या पाट्या) आहेत, आणि चौथ्यात तो तिआमातला सुकवायच्या माशासारखी उभी चिरून अर्ध्या भागाचं आभाळ करतो ते वाचताना मला आमच्या आजीचं अंगणच आठवलं. पण ते आधी वाचलं की वाटतं हा पहिल्यापासून देवांचा राजा, आणि तसं अजिबात नाहीये. मूळचा हा एका बारक्या गावाचा देव, बॅबिलोन तेव्हा तेवढंच होतं, मोठे देव ते अनू आणि एनलिल. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या वेळी, इ.स.पू. 18व्या शतकात, गाव मोठं झालं तसा देवही वर चढला, आणि हम्मुराबीच्या कायद्याच्या प्रस्तावनेत मार्दुकला मोठेपणा देतात ते अनू-एनलिलच, म्हणजे देणारे अजून तेच दोघं! देवांचा राजा व्हायला पुढे कित्येक शतकं गेली.

माझा सगळ्यात मोठा घोळ म्हणजे दोन आठवडे मी 'बेल' नावाच्या वेगळ्याच देवाच्या नोट्स काढत बसले होते. बेल म्हणजे 'स्वामी', मार्दुकलाच म्हणतात. वही फेकावीशी वाटली. नेबुकद्‌नेझर नावाचे बॅबिलोनचे राजेही दोन आहेत बरं का, एलामहून (आजच्या इराणमधलं राज्य) मार्दुकची मूर्ती परत आणली तो पहिला, बॅबिलोनचा इश्तार दरवाजा बांधणारा दुसरा, मध्ये पाचेकशे वर्षं.

अकितू सणावर मात्र निवांत वेळ द्या. नववर्षाच्या सणात पुजारी राजाची राजचिन्हं काढून घेतो, कानफटात मारतो, आणि डोळ्यात पाणी आलं तर देव प्रसन्न. मला हे सगळ्या लढायांपेक्षा भारी वाटतं.

शिकागो विद्यापीठाची असिरियन डिक्शनरी (नाव असिरियन, पण आहे अक्कडियनची, म्हणजे बॅबिलोनच्या भाषेची) पीडीएफमध्ये फुकट आहे, ती उतरवून ठेवा. आणि त्यांची कीलाकार (क्युनिफॉर्म) लिपी हाताने गिरवाच, मी गणपतीची उरलेली शाडू माती घेतली, आईस्क्रीमच्या काडीचं गोल टोक कापून चौकोनी केलं, कोपरा फक्त टेकवायचा, ओढायचा नाही. आधी देवाचं चिन्ह, ते उच्चारत नाहीत, मग अमार म्हणजे वासरू, मग उतू म्हणजे सूर्य, झाला मार्दुक. माझं पहिलं वासरू घरच्यांना झुरळ वाटलं होतं.