नव्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओची परीक्षा: सिरपूर तलावावरची एक सकाळ, एक दुपार

नवा कॅमेरा हातात आला की गाडी थेट इंदूरजवळच्या पातळपाणीकडे नाहीतर चोरलकडे वळते. धबधबा छान दिसतो, क्लिप सगळ्यांना आवडते आणि कॅमेऱ्याबद्दल काहीच कळत नाही. परीक्षेच्या दिवशी देखणं काही टिपायचं नसतं. कॅमेरा कुठे हात टेकतो ते शोधायचं असतं, तेही परत करायची किंवा बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत. ही मुदत बिलावर पाहून घ्या. बहुतेकदा ती वाटते त्यापेक्षा कमी असते.

यासाठी इंदूरकरांना धार रोडवरच्या सिरपूर तलावासारखी सोयीची जागा नाही. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर या दोन्ही पाणथळ जागा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्या. यशवंत सागर मोठा आहे आणि तिथे सारस दिसतात, पण तो शहराबाहेर आहे. सिरपूरला सकाळी शूट करून दुपारी घरी मोठ्या पडद्यावर पाहता येतं आणि शंका आली तर दुसऱ्या दिवशी त्याच उजेडात तीच फ्रेम पुन्हा लावता येते. शिवाय व्हिडिओला जड जाणारं सगळं तिथे एका जागी मिळतं: हलणारं पाणी, वाऱ्यावरचं पाणकणीस, उन्हातला पांढरा बगळा, झाडाखालची दाट सावली.

आदल्या रात्री

कार्डापासून सुरुवात करा, कारण कॅमेऱ्याच्या नावावर खपणाऱ्या निम्म्या तक्रारी कार्डाच्या असतात. १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटचा एक बाइट) व्हिडिओ सेकंदाला १२.५ एमबी लिहितो, म्हणजे तासाला ४५ जीबी. त्याला व्ही३० (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारं) कार्ड पुरतं. ४०० एमबीपीएसच्या ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणाऱ्या) मोडला सेकंदाला ५० एमबी लागतात, तिथे व्ही६० हवं. ६०० एमबीपीएसला व्ही९०. नवं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, एकदा काठोकाठ भरा आणि शेवटची क्लिप शेवटपर्यंत चालते का पाहा. नकली कार्डं सुरुवातीला अगदी शहाण्यासारखी वागतात.

मेनूत पाल (PAL) ही व्हिडिओ पद्धत निवडा, म्हणजे २५ आणि ५० फ्रेम मिळतील. तलावावर याने फरक पडत नाही, पण हाच कॅमेरा उद्या ट्यूबलाइटखाली वापरायचा आहे आणि आपली वीज ५० हर्ट्झची आहे, फ्रेम तिच्याशी जुळल्या नाहीत तर चित्र लुकलुकतं. व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर पक्का करा. ऑटोवर ठेवला तर फ्रेममध्ये हिरवं वाढलं की कॅमेरा ते खोडायला जातो, चालू शॉटमध्येच रंग गुलाबीकडे सरकतो आणि मग दोन क्लिपांची तुलना होत नाही. नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंग सर्वात खाली आणा. फर्मवेअरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती कुठेतरी लिहून ठेवा.

एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कापणारी काळसर काच, घेतल्याशिवाय जाऊ नका. हिशेब सोपा आहे. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर एफ/१६, शटर १/१०० ला एक्स्पोजर बरोबर बसतं. २५ फ्रेमला शटर १/५० हवं आणि अॅपर्चर एफ/४ हवं, तर पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कापायला लागतात, म्हणजे एनडी३२. लॉग प्रोफाइल (नंतर रंग सुधारण्यासाठी फिकं चित्र देणारं) आयएसओ ८०० वर चालत असेल तर आणखी तीन स्टॉप, म्हणजे एनडी२५६. फिल्टर नाही म्हणून शटर १/२००० वर नेलं, तर पाण्याची प्रत्येक लाट तुटक तुटक उडते आणि दोष कॅमेऱ्यावर जातो. व्हेरिएबल एनडी चालेल, पण त्यात दोन पोलरायझर असतात. तो फिरवला की पाण्यावरचं प्रतिबिंबही कमीजास्त होतं आणि वाइड लेन्सवर शेवटच्या टोकाला नेला की आभाळात काळी फुली उमटते. तुलनेच्या शॉट्ससाठी साधा, ठरावीक आकड्याचा फिल्टरच बरा.

उजाडताना

जानेवारीत इंदूरला सूर्य सातनंतर उगवतो. साडेसहाला ट्रायपॉड लागलेला असेल तर अंधारातल्या नॉइजची परीक्षा आयती होते. एकच फ्रेम ठेवा: अर्धं पाणी, अर्धी गर्द झाडी. आयएसओ ८००, १६००, ३२००, ६४००, १२८००, प्रत्येकी दहा सेकंद. उजेड शटरने जुळवा, अॅपर्चरला हात लावू नका. हा सगळा क्रम पाच मिनिटांत उरका, कारण त्या वेळी उजेड भराभर वाढतो. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला सेटिंग तोंडाने बोला: ‘चार के, पंचवीस, लॉग, सोळाशे.’ वही विसरते, आवाज क्लिपला चिकटून राहतो. दोन बेस आयएसओ (सेन्सर सर्वात स्वच्छ चालतो असे दोन आकडे) असलेल्या कॅमेऱ्यात एक गंमत दिसेल: दुसऱ्या बेसच्या लगेच खालचा आयएसओ त्या बेसपेक्षा जास्त दाणेदार असतो. तो आकडा कळला की पुढे कायम टाळता येतो.

त्याच वेळी आभाळाकडे कॅमेरा वळवून वीस सेकंद घ्या. पहाटेचा केशरी ते निळा उतार रंगाच्या कमी पायऱ्या असलेल्या ८-बिट लॉगमध्ये पट्ट्यापट्ट्यांनी तुटतो, १०-बिटमध्ये सलग राहतो. कॅमेऱ्यात १०-बिट नसेल तर लॉगचा नाद सोडा आणि साध्या प्रोफाइलवर शूट करा.

पाणकणसाची परीक्षा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोवळं ऊन आणि थोडा वारा असताना काठावरच्या पाणकणसावर ट्रायपॉड लावा. फ्रेमचा वरचा अर्धा भाग पात्यांचा, खालचा अर्धा लहरींचा. एफ/५.६ किंवा एफ/८, मॅन्युअल फोकस, स्टॅबिलायझेशन बंद. आता कॅमेऱ्यात आहेत तेवढे रेकॉर्डिंग मोड एकेक करून, प्रत्येकी वीस सेकंद: कमी बिटरेट, जास्त बिटरेट, लाँग-जीओपी, ऑल-इंट्रा, ४के २५, ४के ५० आणि शेवटी १०० किंवा १२० फ्रेमचा स्लो मोशन.

यातून काय दिसतं? लहरी प्रत्येक फ्रेममध्ये बदलतात. लाँग-जीओपी कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करणारी पद्धत) आधीच्या फ्रेममधून उसनवारी करत असतो आणि इथे त्याला उसनं घ्यायला काही मिळत नाही. बिटरेट अपुरा पडला की लहरींच्या मध्यम राखाडी भागात चौकोन दिसू लागतात आणि पाती मळलेल्या कणकेसारखी गुळगुळीत होतात. क्लिप थांबवून एकेक फ्रेम पुढे न्या. साधारण दर अर्ध्या सेकंदाने पाणी एकदम धारदार होतं आणि पुढच्या काही फ्रेममध्ये पुन्हा विरघळतं, असं दिसलं तर तो कोडेकचा श्वास समजा. वारा पडलेला असतानाही पाती गुळगुळीतच दिसत असतील तर दोष बिटरेटचा नाही, कॅमेऱ्याच्या आतल्या नॉइज रिडक्शनचा आहे.

२५ आणि ५० फ्रेमच्या क्लिप शेजारी ठेवल्या की आणखी दोन गोष्टी उघड होतात. ५० ला फ्रेम आतल्या बाजूला कापली गेली का? बऱ्याच कॅमेऱ्यांत जाते, मग २४ मिमी लेन्स ३० च्या पुढे गेल्यासारखी वागते. आणि स्लो मोशनमध्ये पात्यांच्या कडांवर जिने दिसतात का? दिसत असतील तर सेन्सरच्या ओळी गाळून चित्र बनवलं जातंय. असा मोड जाहिरातीपुरता धरा. काही कॅमेरे या मोडमध्ये आवाजही रेकॉर्ड करत नाहीत, तेही आताच पाहून घ्या.

खांब, पंख आणि रोलिंग शटर

सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, म्हणून पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, उभी वस्तू तिरकी होते. हाच रोलिंग शटरचा दोष. किती तिरकी, ते घरी मोजता येतं. रस्त्याच्या बाजूचा विजेचा खांब शोधा, स्टॅबिलायझेशन बंद ठेवा, शटर १/५०० करा म्हणजे कडा स्पष्ट येईल. एकसारख्या वेगाने पॅन करा. खांब फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साधारण एका सेकंदात जायला हवा.

घरी आल्यावर खांबाने फ्रेम ओलांडायला किती फ्रेम घेतल्या ते मोजा. मग मधल्या एका फ्रेममध्ये खांबाचं वरचं टोक आणि खालचं टोक यांत आडवं अंतर किती पिक्सेल आहे ते पाहा. खांब फ्रेमच्या पूर्ण उंचीचा हवा. ४के फ्रेम ३८४० पिक्सेल रुंद असते. खांबाला २५ फ्रेम, म्हणजे एक सेकंद लागला आणि तिरकेपणा ७७ पिक्सेल निघाला, तर ७७ भागिले ३८४०, म्हणजे सुमारे ०.०२ सेकंद. तुमचा सेन्सर २० मिलिसेकंदांत वाचतो. आमच्या मते १५ च्या खाली असेल तर पक्ष्यांसाठी निर्धास्त वापरा. २५ च्या वर असेल तर हातात टेलिफोटो धरून पळत्या पक्ष्यामागे जाऊ नका, मागचं गवत जेलीसारखं डुलेल. प्रत्येक मोडचा आकडा वेगळा येतो, त्यामुळे ५० फ्रेमचा वेगळा मोजा.

काळा-पांढरा खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, तो मिळाला तर हीच गोष्ट पंखांवर दिसते.

फोकस आणि पांढरा बगळा

ऑटोफोकसची परीक्षा सोप्याकडून अवघडाकडे न्या. आधी मोकळ्या पाण्यात पोहणारा पाणकावळा: हा कोणत्याही कॅमेऱ्याला जमायला हवा. मग जलपर्णीवरून चालणारी जांभळी पाणकोंबडी किंवा कमळपक्षी, कारण तिथे पुढची पानं मध्ये येतात. शेवटी पाणकणसाआडचा पक्षी. दर वेळी पक्षी-ओळख चालू ठेवून एकदा आणि बंद करून एकदा. फोकस चुकला हे सगळ्यांच्या लक्षात येतं. चुकल्यावर परत यायला किती वेळ लागला, ते मात्र फ्रेम मोजून लिहा. फोकस पात्यांवर उडी मारत असेल तर कॅमेऱ्याला लगेच नापास करू नका, मेनूतली ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करून पुन्हा पाहा.

बगळा उन्हात आणि मागे सावली, ही डायनॅमिक रेंजची, म्हणजे ऊन आणि सावली एकत्र पेलण्याची, फ्रेम. झीब्रा (फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) लावून पिसांवर पट्टे येईपर्यंत एक्स्पोजर वाढवा, मग एकेक स्टॉप खाली येत चार क्लिप घ्या. लॉगमध्ये झीब्रा १०० वर ठेवून काही दिसणार नाही: सोनीच्या एस-लॉग३ मध्ये पांढरं ९४ टक्क्यांच्या आसपासच संपतं. घरी पाहायचं ते असं की पिसांच्या रेघा कोणत्या क्लिपमध्ये परत आल्या आणि त्याच क्लिपमध्ये सावली उचलली तर ती किती घाण होते.

स्टॅबिलायझेशन थोडक्यात: वाइड लेन्सवर चालत जा आणि फ्रेमचे कोपरे पाहा. मधला भाग स्थिर आणि कोपरे लवलवणारे, हा सेन्सर हलवणाऱ्या स्टॅबिलायझेशनचा नेहमीचा दोष. ट्रायपॉडवर पॅन करताना ते चालू राहिलं तर सुरुवातीला फ्रेम चिकटते आणि मग झटका देऊन सुटते.

आवाज

सिरपूरला धार रोडची घरघर आहे आणि विमानतळही शहराच्या याच बाजूला, त्यामुळे शुद्ध पक्षीनाद मिळणार नाही. परीक्षेला ते चांगलंच. लेव्हल ऑटोवर ठेवा: ट्रकचा हॉर्न वाजला की पक्ष्यांचा आवाज दबतो आणि दोन-तीन सेकंदांनी वर येतो. मग मॅन्युअलवर, सर्वात मोठा आवाज -१२ डीबीच्या आसपास ठेवून. वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी हवीच, फक्त लो-कटने (खालचे घरघरते सूर कापणाऱ्या सेटिंगने) वारा जात नाही. शेवटी घरी शांत खोलीत गेन वाढवून तीस सेकंद रेकॉर्ड करा. ऐकू येणारी सूं म्हणजे कॅमेऱ्याचा प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारा भाग), आणि कुरकुर म्हणजे लेन्सची मोटर.

दुपारची फेरी

हिवाळ्यातल्या सकाळी कोणताही कॅमेरा तापत नाही. म्हणून पोहे-जलेबी उरकून बारानंतर पुन्हा या, शक्य असेल तर मार्च-एप्रिलमध्ये. ट्रायपॉड थेट उन्हात ठेवा, पण सूर्य लेन्समध्ये येऊ देऊ नका. तापमानाने बंद होण्याची मर्यादा मेनूत ‘हाय’ करा. पडदा बाहेर उघडून ठेवा, कारण तो पाठीला चिकटलेला असला की उष्णता आत कोंडते. सर्वात जड मोडमध्ये रेकॉर्डिंग सुरू करून कॅमेरा स्वतः थांबेपर्यंत चालू द्या आणि वेळ लिहा. मग दहा मिनिटं सावलीत विश्रांती देऊन पुन्हा सुरू करा. हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. पहिल्यांदा चाळीस मिनिटं चाललेला कॅमेरा दुसऱ्यांदा सहा मिनिटांत बसला, तर लांबच्या शूटसाठी तो सहा मिनिटांचाच आहे. बॅटरीचा हिशेबही याच फेरीत होतो. रेकॉर्डिंग बरोबर २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबलं तर ते तापल्यामुळे नाही, काही मॉडेलांत ती मर्यादाच बसवलेली असते.

घरी क्लिपा पाहताना १०-बिट ४:२:२ एच.२६५ सारखी जड फाइल जुन्या लॅपटॉपवर अडखळते. तो दोष लॅपटॉपचा. प्रॉक्सी, म्हणजे हलकी प्रत, बनवून किंवा एकेक फ्रेम करून पाहा, आणि निकाल १०० टक्के आकारावरच द्या, फोनच्या पडद्यावर सगळंच सुरेख दिसतं. काळ्या भागात एकाच जागी लाल किंवा पांढरा ठिपका प्रत्येक क्लिपमध्ये दिसला तर मेनूतलं पिक्सेल मॅपिंग चालवा. त्यानेही गेला नाही तर मुदतीत दुकान गाठा.

ऑटोफोकसच्या मूळ फाइल आणि तापण्याच्या वेळा जपून ठेवा. कंपनीने नवं फर्मवेअर दिलं की पूर्ण परीक्षा पुन्हा घ्यायची गरज नसते. ऑटोफोकस आणि तापणं, या दोन गोष्टी अपडेटने सर्वात जास्त बदलतात, तेवढ्याच परत तपासा.