5 जूनच्या आधी वॉर्डात काय काय लावून ठेवायचं

मे महिना संपत आला की कुणीतरी विचारतंच, "सिस्टर, यंदा पर्यावरण दिनाला पोस्टर कसलं करायचं?" पोस्टरचं नंतर बघू. सांगली-मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आहेत, तेव्हा ही तयारी आणखी चार जणांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

पहिलं काम म्हणजे डबे कुठे आहेत ते चालून बघा. इंजेक्शन देऊन वळलं की हात पोचेल तिथे सुयांचा पांढरा डबा हवा. आमचा सिंकखाली होता, ट्रॉलीपासून पाच-सहा पावलांवर. नाईटला वॉर्ड भरलेला असताना ती पावलं कोण चालतंय? सुई कापसाबरोबर पिवळ्या पिशवीत जायची. पिशवीला गाठ मारताना एका मावशींच्या बोटात अशीच सुई गेली. त्यांनी हळद दाबली, पुढची खोली पुसली आणि आम्हाला सांगितलं तिसऱ्या दिवशी! खरं तर साबण-पाण्याने हात धुऊन लगेच सांगायला हवं, कारण एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच सुरू करावं लागतं. पण ते त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर डबा ट्रॉलीवर चढला. म्हणून पहिली बैठक मावशी-मामांची घ्या, डॉक्टरांची नंतर. हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस कुणाची राहिलीय ते त्याच बैठकीत लिहून घ्या; 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत ती जबाबदारी दवाखान्याचीच आहे.

रंग सगळ्यांना पाठ असतात, चुकतं ते वेष्टनाशी. रक्ताचा कापूस पिवळ्यात, सुई काढलेली सिरिंज आणि सलाईनचा सेट लाल पिशवीत, फुटलेलं अँप्युल (इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी) निळ्यात, इथवर ठीक. पण सिरिंजचा कोरा कागद, सलाईनवरचं प्लास्टिक, ग्लोव्हजचा खोका हा साधा सुका कचरा. तो पिवळ्यात टाकला की विनाकारण भट्टीत जातो, आणि प्लास्टिक पीव्हीसी असलं तर जळताना डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होतं. तेव्हा ट्रॉलीला एक साधी पिशवीही अडकवा. तिच्याअभावीच सगळं पिवळ्यात जातं, आळसाने नव्हे. आठवडाभर आधीपासून पिवळ्या पिशव्यांचं वजन वहीत मांडा. नंतरच्या आकड्याशी ताडून बघायला तेवढं पुरतं. आकडा वॉर्डाचा लावा, माणसाचा नको. एकदा नावं लावली तर दोन सिस्टर महिनाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत.

चहाचे कप. प्लास्टिकचे 1 जुलै 2022 पासून बंदच आहेत, पण त्यांच्या जागी आलेल्या कागदी कपांनाही आतून प्लास्टिकचा थर असतो. स्टीलचे पेले घ्या, आणि गणपती पेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून प्रत्येकाचं नाव घालून आणा. लग्नात मिळालेल्या पातेल्यासारखं नाव कोरलेलं असलं की पेला हरवत नाही, धुवायलाही कुरकुर होत नाही. भडंगासाठी एक मोठं ताट, म्हणजे कागदही वाचतो.

ऑफिस आणि ओपीडीतले एसी 24 वर ठेवायला सांगा. ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि आयसीयूला हात लावू नका, तिथलं तापमान तिथल्यांनी ठरवायचं. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी मात्र निवांत बोला: डेस्फ्लुरेन हा भुलीचा वायू कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजारांहून अधिक पट उष्णता धरून ठेवतो. पर्याय चालत असेल तर ते स्वतःच बदलतात, त्यांना पोस्टर लागत नाही.

आणि सांगलीत असाल तर कचऱ्याची खोली बघून या. ती बहुधा तळमजल्यावर, मागच्या बाजूला असते. कृष्णेला पूर आला की आयर्विन पुलाशी पाण्याची पातळी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. नियमाने कचरा 48 तासांच्या वर ठेवायचा नाही, पण रस्ताच पाण्याखाली गेला तर गाडी येणार कुठून? वरच्या मजल्यावर एक खोली आत्ताच रिकामी करून घ्या आणि तिची चावी नाईट सिस्टरकडे द्या. आमची अकाउंट्सच्या ड्रॉवरमध्ये होती, आणि अकाउंट्सवाले हरिपुरात अडकले होते.