मायक्रोवेव्हवर एरर कोड आला? या चुका टाळा

बडोद्यात आषाढ लागला की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात आणि त्याच दिवसांत मायक्रोवेव्हच्या डिस्प्लेवर भलतीच अक्षरं उमटायला लागतात. बटणं चालत नाहीत, मधूनच बीप वाजतो. घरातले घाबरतात, दुरुस्तीवाल्याला फोन जातो आणि बोर्ड, म्हणजे ओव्हन चालवणारं आतलं सर्किट, बदलायचं ठरूनही जातं. पुष्कळदा त्या बोर्डाला काहीच झालेलं नसतं.

कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचं नाव, हा समज आधी सोडा. बोर्डाला कुठल्या वायरीवरून चुकीचा सिग्नल आला, एवढंच कोड सांगतो. सिग्नल का चुकला हे शोधायचं काम उरतंच. शिवाय प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. एलजीच्या बऱ्याच मॉडेलांत एफ-३ म्हणजे कीपॅडचं एखादं बटण सतत दाबल्यासारखं बोर्डाला वाटतंय. सॅमसंगच्या जुन्या ओव्हनवर त्यासाठीच एसई येतं, आणि इंग्रजी एस तिथे पाचच्या आकड्यासारखा दिसतो म्हणून लोक ‘पाच-ई’ सांगतात. सॅमसंगच्या नव्या मॉडेलांत बटण दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबलेलं राहिलं तर सी-डी-० येतं. सी-२० टेम्परेचर सेन्सरबद्दल बोलतं आणि सी-२१ म्हणजे आतलं तापमान लावलेल्या आकड्याच्या वर गेलंय. पॅनासॉनिकच्या इन्व्हर्टर ओव्हनवर एच-९७ किंवा एच-९८ दिसलं तर रोख मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग) आणि त्याला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरकडे असतो. शेजारच्या घरी जो कोड आला होता त्याचा उपाय आपल्या ओव्हनला लावू नका. आधी मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर बघा आणि त्याचंच मॅन्युअल उघडा. आणि डिस्प्लेवर नुसतं एल दिसत असेल तर बहुतेक चाइल्ड लॉक लागलेलं असतं. लॉक किंवा स्टॉपचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरा.

कोड कधी आला, ते न पाहणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. स्विच बंद करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि कोड नेमका कोणत्या क्षणी आला ते लिहून ठेवा, कारण अर्धं निदान त्या वेळेतच असतं.

प्लग लावताच, एकही बटण न दाबता कोड आला तर कीपॅड, सेन्सर किंवा बोर्ड पाहायचं. मायक्रो मोडमध्ये, म्हणजे नुसत्या मायक्रोवेव्ह लहरींवर, स्टार्ट दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत आला तर मॅग्नेट्रॉन, कपॅसिटर, डायोड या हाय व्होल्टेजच्या बाजूला किंवा दरवाजाच्या स्विचकडे वळायचं. हांडवो किंवा केक कन्व्हेक्शनवर (पंख्याने फिरवलेल्या गरम हवेवर) ठेवून वीस मिनिटं झाली आणि मग कोड आला, तर गरम हवा बाहेर पडत नाहीये किंवा सेन्सर चुकतोय. आणि स्टार्ट दाबताच डिस्प्ले मंद होऊन घड्याळ पुन्हा शून्यावर येत असेल तर ओव्हनला दोष देऊच नका, वीजपुरवठा तपासा.

यात आणखी एक साधी चाचणी बसते. काचेच्या भांड्यात एक लिटर साधं पाणी घ्या, तापमान मोजा, फुल पॉवरवर १ मिनिट २ सेकंद ठेवा, ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणलं की साधारण किती वॅट मिळतात ते कळतं. ८०० वॅटच्या ओव्हनमध्ये ११ अंशांच्या आसपास वाढ हवी. पाणी नीट तापलं पण कन्व्हेक्शनवर कोड येतो, तर मॅग्नेट्रॉन बदलायचं कारण नाही. कन्व्हेक्शन चालतं आणि पाणी मात्र गार राहतं, तर हाय व्होल्टेजची बाजू बिघडली आहे.

स्प्रे थेट पॅनलवर मारणं

एफ-३, एसई, सी-डी-० यांच्यामागे अनेकदा हेच असतं. कीपॅडच्या आत दोन पातळ थर असतात, त्यांच्यामध्ये बारीक फट असते. काच पुसायचा स्प्रे पॅनलवर मारला की कडेने थेंब आत उतरतो आणि दोन्ही थर जोडल्यासारखे होतात. शेजारी कुकरची शिट्टी सतत त्या बाजूला होत असेल तरी तेच. पॅनल नेहमी घट्ट पिळलेल्या कपड्याने पुसा. स्प्रे मारायचाच तर कपड्यावर मारा.

कोड आलाच तर प्लग काढा. एक मिनिटात परत लावू नका, निदान पंधरा मिनिटं थांबा. ओल असण्याची शंका असेल तर दरवाजा उघडा ठेवून पंख्याखाली पूर्ण दिवस राहू द्या. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, कीपॅडचा गोंद सुटतो. ओल घालवायला रिकामा ओव्हन मायक्रो मोडमध्ये चालवणं तर मुळीच नको. आत शोषून घ्यायला काही नसलं की लहरी परतून मॅग्नेट्रॉन तापतो.

झुरळंही विसरू नका. बोर्डाजवळ ऊब असते, मागच्या जाळीतून ती आत शिरतात आणि त्यांची विष्ठा बोर्डावर साचून शॉर्ट होतो. ओव्हनच्या आत किंवा जाळीवर कीटकनाशक मारू नका. रात्री ओटा कोरडा आणि खरकटं बंद ठेवा.

जागा आणि प्लग

वर साधारण २० सेंमी आणि मागे १० सेंमी जागा मोकळी हवी. मांडणीत घट्ट बसवलेल्या, वर डबे आणि क्रोशाचं झाकण घातलेल्या ओव्हनवर तापमानाचा कोड येणारच. कन्व्हेक्शन संपल्यावर काही मिनिटं आतला पंखा फिरतो. तो थांबेपर्यंत मेन स्विच बंद करू नका.

कन्व्हेक्शन ओव्हन २,००० वॅटच्या पुढे वीज घेऊ शकतो, म्हणजे ९-१० अँपिअर. त्याला अर्थिंगसह १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट लागतं. रावपुरा-दांडियाबाजारातल्या जुन्या घरांत ओट्याजवळ अनेकदा छोटंच सॉकेट असतं, मग एक्स्टेन्शन बोर्ड येतो. त्याची वायर तापते, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड गोंधळतो. प्लग हाताला गरम लागला तर ती सूचना समजा.

ठिणग्या दिसूनही चालवत राहणं

सेव उसळीची तरी झाकण न ठेवता गरम केली की तेलाचे शिंतोडे उजव्या भिंतीवरच्या पुठ्ठ्यासारख्या मायका शीटवर बसतात, जळून कोळसा होतात आणि तिथून ठिणग्या उडतात. शीट थंड असताना पुसा; काळं भोक पडलं असेल तर त्याच मापाची नवी घाला, ती स्वस्त असते. शीट काढून टाकून ओव्हन चालवू नका.

कव्हर उघडणं

हे घरी करू नका. आतला कपॅसिटर साधारण २,१०० व्होल्टचा असतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवू शकतो. तो उतरवायला आत रेझिस्टर असतो खरा, पण तोच तुटलेला असेल तर बाहेरून कळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी अनेक घरांत शिरलं. असं पाणी ज्या ओव्हनच्या तळापर्यंत पोचलं तो बाहेरून वाळला म्हणून चालू करून पाहू नका, तंत्रज्ञाने आतून तपासल्याशिवाय प्लगही लावू नका.

तंत्रज्ञ आला की आधी फोटो दाखवा आणि मगच बोर्डाची गोष्ट काढू द्या. कीपॅडचा कोड असेल तर कीपॅडची चपटी केबल बोर्डातून काढून पाहायला सांगा. कोड गेला तर दोष कीपॅडचा, राहिला तर बोर्डाचा. सेन्सरचा कोड असेल तर मल्टिमीटर लावायला सांगा. बहुतेक सेन्सर मुठीत धरले की त्यांचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) सावकाश उतरतो. काहीच रीडिंग नसेल तर आधी कनेक्टर तपासा, तो सैल झाल्यानेही हाच कोड येतो. दरवाजाचा स्विच किंवा बिजागरी बदलली असेल तर बाहेर गळणाऱ्या लहरी मोजणारं लीकेज मीटर फिरवून घ्या. ५ सेंमी अंतरावर दर चौरस सेंमीला ५ मिलिवॅटच्या वर आकडा गेला तर तो ओव्हन परत वापरायला घेऊ नका.