रोबोटमध्ये काय चिकटवायचं आणि काय बोल्टनेच धरायचं

रोबोकॉनच्या, म्हणजे कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेच्या टीममध्ये पहिल्या वर्षाचे पोट्टे येतात तेव्हा सगळ्यात आधी त्यांच्या हातात ग्लू गन आणि फेविक्विक पडते. लेथ, वेल्डिंग, मोटर ड्रायव्हर यांना सीनियर लवकर हात लावू देत नाहीत, पण चिकटवणं कुणालाही जमेल असंच सगळे धरून चालतात. मी नागपुरात इंजिनिअरिंग करताना कॉलेजच्या रोबोटिक्स टीममध्ये होतो, आता हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामात आहे. तेव्हाही आणि आजही माझं म्हणणं हेच आहे की चिकटवणं हा डिझाइनचाच भाग आहे आणि तो कॅडमध्येच, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन काढतानाच ठरायला हवा. असेंब्लीच्या रात्री ठरवून चालत नाही.

चिकटवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा जॉइंट स्पर्धेच्या दिवशी परत उघडावा लागेल का? मोटर, बेअरिंग, सेन्सर, बेल्टचा ताण धरणारी पट्टी, बॅटरी हे सगळं कधी ना कधी उघडावंच लागतं, तेही दोन मॅचच्या मधल्या थोड्या वेळात. अशा ठिकाणी नट-बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा), केबल टाय, वेल्क्रो वापरा. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी तर कधीच चिकटवू नका. ती फुगली तर क्षणात बाहेर काढता आली पाहिजे. उत्तर ठामपणे ‘नाही’ असेल तरच ॲडहेसिव्हचा विचार करा.

मग बघा, भार कोणत्या दिशेने येतोय. हे वाचून कळत नाही, करून बघावं लागतं. ॲल्युमिनियमच्या पाव इंच जाडीच्या नव्हे, पातळ, एक मिलिमीटरच्या दोन पट्ट्या घ्या. रुंदी २५ मिमी. टोकं १२ मिमी एकमेकांवर चढवा आणि साध्या अरल्डाइटने, म्हणजे दोन भाग कालवून वापरायच्या इपॉक्सीने चिकटवून एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी दोघांनी दोन्ही टोकं धरून सरळ रेषेत ओढा. जॉइंट हलणार नाही, कारण एवढाही भाग नीट चिकटला असेल तर शंभर किलोच्या वरचा भार पेलतो. आता त्याच जॉइंटच्या कडेत स्क्रू ड्रायव्हरचं पातळ टोक घालून पट्टी उचला. ती कट् आवाज करून सुटते. पहिल्या वेळी सगळा भाग एकत्र भार घेत होता, दुसऱ्या वेळी सगळा ताण कडेच्या एका रेषेवर आला. पहिल्याला शिअर म्हणतात, दुसऱ्याला पील. रोबोटमधले बहुतेक चिकटवलेले जॉइंट पीलने जातात. टक्कर होते, पट्टी वाकते, एक कोपरा उचलला जातो आणि बाकीचं आपोआप सुटत जातं.

म्हणून जॉइंटची रचनाच अशी करा की ओढ सपाट दिशेने येईल. दोन तुकडे टोकाला टोक लावून चिकटवू नका. एकावर एक चढवा किंवा पाइपच्या आत इन्सर्ट घाला. उचलली जाऊ शकेल त्या कडेला एक पॉप रिव्हेट मारा. तो रिव्हेट फारसा भार घेत नाही, फक्त सुरुवात होऊ देत नाही. माझ्या मते अख्ख्या रोबोटमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम हेच.

पृष्ठभागाच्या तयारीबद्दल नवीन मुलं ऐकून घेतात आणि करत नाहीत. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. बोटाचं तेलसुद्धा पुरेसं असतं. काही प्लास्टिकं कितीही घासली तरी दाद देत नाहीत: पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, टेफ्लॉन. डेलरिन आणि नायलॉनवरही भरवसा ठेवू नका, तिथे सरळ भोक पाडून बोल्ट टाका.

आता आपल्या नागपूरच्या हवेबद्दल, कारण ट्यूबवर छापलेला वेळ इथल्या मे महिन्यासाठी नसतो. फेविक्विक पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म ओलाव्यामुळे घट्ट होते. पारा ४५ च्या आसपास आणि हवा ठणठणीत कोरडी असताना ती रेंगाळते. वर्कशॉपमध्ये कूलर चालू असेल तर त्या दमट हवेत लवकर धरते, पण पारदर्शक ॲक्रिलिकवर पांढरी वाफ बसल्यासारखा डाग पडतो. तो दिसायला वाईट असतो आणि सेन्सरच्या खिडकीवर पडला तर सेन्सरच चुकीचं वाचतो. फट भरायची असेल तर खायचा सोडा टाकून वर थेंब सोडा, क्षणात दगड होतो. मात्र झटक्याने तो तडकतो, म्हणून फक्त न हलणाऱ्या जागी. आणि थर्माकोलवर फेविक्विक नको, ती थर्माकोल खाते.

इपॉक्सीचं उलट आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की काम करायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. उन्हाळ्यात वाटीभर मिश्रण केलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने वाटीत घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा, दोन्ही भाग समान घेऊन, रंग एकसारखा होईपर्यंत. डिसेंबरच्या रात्री मात्र तेच अरल्डाइट सकाळीही बोटाला चिकटतं. तेव्हा जॉइंटपासून हातभर अंतरावर जुना पिवळा बल्ब लावून ठेवायचा. आमचे एक सीनियर क्लॅम्प काढायला धावणाऱ्याला दरवेळी अडवायचे: “काहून घाई करून राहिला बे? उद्यापर्यंत हात नको लावू.” पाच मिनिटांत धरणारं इपॉक्सी पिटमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या ठिकाणी रोबोट दुरुस्त करायच्या जागेत कामाला येतं. मुख्य जॉइंटसाठी रात्रभर लागणारंच घ्या आणि तो वेळ टीमच्या वेळापत्रकात लिहून ठेवा.

ग्लू गनचा गोंद उष्णतेने मऊ होतो, त्यामुळे भार असेल तिथे तो वापरू नका. त्याचं खरं काम वायरिंगचं आहे. कनेक्टरच्या मागे, जिथे वायर वाकून तुटते तिथे एक थेंब सोडा. काढायचा झाला की कडेला अल्कोहोलचे दोन थेंब टाका, गोंद अख्खा सुटून येतो. उन्हात बंद गाडीत रोबोट ठेवू नका. पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेले भाग ६० अंशांच्या आसपास मऊ पडतात, आणि मेमध्ये गाडीच्या आत तेवढं तापमान सहज होतं.

चाकांना रबर चढवायला फेविकॉलचं एसआर ५०५ किंवा तसलंच रबर सोल्यूशन. दोन्ही बाजूंना पातळ थर द्या आणि थांबा. बोट लावलं की चिकट वाटलं पाहिजे पण बोटाला लागलं नाही पाहिजे. मगच दाबा, आणि एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून आधी पेनाने खूण करा. पावसाळ्यात सॉल्व्हंट उडताना थर थंड होतो आणि त्यावर दव धरतं, तेव्हा पंख्यापासून दूर कोरड्या खोलीत करा. इतवारीत लोहाओळीच्या बाजूला हे सगळं मिळतं. दुकानदाराला काय कशावर चिकटवायचं ते नीट सांगा. “भाऊ, मजबूत वाला द्या” म्हणू नका.

बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांवर लावायचं निळं थ्रेडलॉकर, म्हणजे लॉक्टाइट २४३ च्या जातीचं. ते हवा नसताना आणि धातूचा स्पर्श असताना घट्ट होतं, म्हणून बाटलीत तसंच राहतं. पूर्ण ताकद यायला २४ तास द्या. लाल रंगाचं उघडायला बोल्ट चांगला तापवावा लागतो, रोबोटवर त्याची गरज क्वचितच पडते. पॉलिकार्बोनेट, ॲक्रिलिक, एबीएस यांच्याजवळ थ्रेडलॉकर नेऊ नका. भोकाभोवती बारीक तडे जातात आणि ते दुसऱ्या दिवशी दिसतात. तिथे नायलॉक नट.

इपॉक्सी हाताळताना नायट्राइल ग्लोव्हज घाला, त्याची ॲलर्जी एकदा सुरू झाली की आयुष्यभर राहू शकते. फेविक्विक सुती ग्लोव्हज किंवा कापसावर सांडली तर ती एवढी तापते की भाजतं. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा. डोळ्यात गेली तर पाण्याने धुवा, पापणी उघडायचा प्रयत्न करू नका आणि थेट डॉक्टरकडे जा.

स्पर्धेला रेल्वेने जाणार असाल तर ॲसिटोन, रबर सोल्यूशन, थिनर सोबत नेऊ नका. ज्वलनशील पदार्थ गाडीत न्यायला बंदी आहे. पोहोचल्यावर तिथल्या बाजारातून घ्या, आणि कोण आणणार ते निघण्याआधीच ठरवा.