सिडनीतली बारावी, इंग्लिशचा पेपर आणि आईचं मेतकूट

आधी नावाचा गोंधळ मिटवते. एचएससी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फेब्रुवारीतली बारावी येते, आणि इथे न्यू साउथ वेल्समध्येही बारावीच्या परीक्षेला एचएससीच म्हणतात, फक्त सेकंडरीच्या जागी स्कूल, हायर स्कूल सर्टिफिकेट. परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, रिझल्ट डिसेंबरात. मी नाशिकला नववीपर्यंत सेमी-इंग्लिशला होते, मग बाबांच्या नोकरीमुळे इकडे आलो. हे लिहितेय ते माझ्यासारख्या, म्हणजे मधेच आठवी-नववी-दहावीला इकडे येऊन पडलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी, कारण मॅथ्स-सायन्सला आपण तरून जातो हो, पण इंग्लिश कंपल्सरी आहे, एटारमध्ये (म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या रँकमध्ये) त्याचे निदान दोन युनिट धरतातच, आणि त्यात एक प्रकार असा आहे की चाळीस मिनिटं देतात आणि म्हणतात लिहा आता काहीतरी स्वतःचं.

त्याला मॉड्यूल सी म्हणतात, क्राफ्ट ऑफ रायटिंग. हा इंग्लिशच्या पेपर दोनमधला एक सेक्शन. तो पेपर एकूण दोन तासांचा, तीन सेक्शन, प्रत्येकी २० मार्क, म्हणजे सेक्शनला ४० मिनिटं. सुरुवातीला पाच मिनिटं नुसतं वाचायला देतात, तेव्हा पेनला हात लावायचा नाही. मॉड्यूल सीच्या प्रश्नात काहीतरी धरून लिहायला देतात, एखादं वाक्य, एखादं चित्र, आणि इमॅजिनेटिव्ह (कथा वगैरे), डिस्कर्सिव्ह (ललितासारखं), पर्सुएझिव्ह (बाजू घेऊन पटवणारं) यातलं काय लिहायचं ते कधी तुमच्यावर सोडतात, कधी तेच ठरवतात. कधी वीसही मार्क एकाच लिखाणाला, कधी दोन भाग, एक लिखाण आणि दुसरं रिफ्लेक्शन, म्हणजे मी हे असं का लिहिलं याचा खुलासा. (२०२७ च्या एचएससीपासून नवा सिलॅबस लागू होतोय, तेव्हा नेमकं काय बदललं ते शाळेत विचारून घ्या. मी जुन्यावाली आहे.)

आता माझी अक्कल सांगते. मला कथालेखन येतं अशी माझी पक्की समजूत होती. नाशिकला मराठीच्या पेपरात मुद्द्यांवरून कथा यायची, गरीब मुलगा, रस्त्यात सापडलेलं पाकीट, मालकाचा शोध, बक्षीस, तात्पर्य. ऐंशी-नव्वद शब्द, वर ठळक शीर्षक, खाली तात्पर्य, पाचपैकी साडेचार कुठे गेले नाहीत. तर इथे वर्गात पहिल्यांदा लिहायला दिलं तेव्हा मी तेच केलं, फक्त इंग्लिशमध्ये. आजी वारली, नातीला पश्चात्ताप झाला, पाऊस आला, आणि शेवटच्या ओळीत वडीलधाऱ्यांना वेळ द्यावा. मॅडमनी शेवटच्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, हे मला कळलं होतं. बास, एवढंच. मला तर आधी वाटलं कौतुक केलंय.

ती तात्पर्याची सवय जायला मला सहा महिने लागले, खोटं नाही सांगत. शब्दात नाही लिहिलं तरी ते कुठून तरी डोकवायचंच, शेवटी सूर्य उगवायचा, कोणीतरी खोल श्वास घ्यायचं, नायिकेला काहीतरी उमगायचं. अजून एक सवय म्हणजे सजावट. आपल्याला निबंधात सोनेरी किरणं आणि पाखरांचा किलबिलाट घातला की शाब्बासकी मिळते ना, त्यामुळे मी थिसॉरस घेऊन बसायचे आणि साध्या चालण्याला चार सिलॅबलचं क्रियापद लावायचे.

मग विषय कुठून आणायचा. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी युद्ध लिहिलं होतं, उरलेल्यांनी कॅन्सर किंवा ॲक्सिडेंट. कोणी युद्ध पाहिलेलं नव्हतं. मी पण एक निर्वासितांच्या बोटीची कथा लिहिली होती, मी, जी आयुष्यात बोटीत बसले ती घारापुरीला. मॅडमनी विचारलं, बोटीत वास कसला येत होता? मला सांगता आलं नाही. म्हणाल्या, मग जिथला वास तुला माहितीये तिथलं लिही.

मला माहीत होता तो मेतकुटाचा. आम्ही आलो तेव्हा सिडनी एअरपोर्टवर बायोसिक्युरिटीच्या लाइनीत उभे होतो. विमानातच एक कार्ड भरायला दिलेलं, त्यात खाण्याचं काही आणलंय का, बिया, वनस्पती, दुधाचं काही, असे प्रश्न आणि पुढे हो-नाहीचे चौकोन. आईने घाबरून जवळपास सगळीकडे हो केलं. (बरोबर केलं. शंका असेल तर डिक्लेअरच करायचं, लपवलं तर दंड मोठा आहे.) ऑफिसरने बॅग उघडायला लावली, गोडा मसाला पाहिला, पापड पाहिले, मग स्टीलचा डबा उघडून विचारलं हे काय. आई माझ्याकडे बघायला लागली कारण इंग्लिशवाली मी. आणि मला मेतकुटाला इंग्लिश शब्दच सापडेना, तर मी म्हणाले, यलो पावडर. क्वारंटाइनच्या माणसाला! त्याची भुवई वर गेली ती मला आजही दिसते.

हे एवढंच. पाच-सात मिनिटांचा प्रसंग, तीन माणसं, एक डबा. आणि मला खरंच वाटत होतं की ही काय कथा झाली, यात काही घडतच नाही. पण परीक्षेच्या कथेला असंच लागतं हे मला लिहिता लिहिता कळलं, कारण पस्तीस मिनिटांत हाताने जेमतेम साडेसहाशे-सातशे शब्द होतात (माझे तरी तेवढेच व्हायचे), आणि त्यात कोणाचं बालपण ते म्हातारपण कोंबलं की नुसती बातमी होते. एक जागा, एका बैठकीतला वेळ, दोन किंवा फार तर तीन माणसं आणि हातात धरता येईल अशी एक वस्तू. वस्तू फार उपयोगी पडते. आई घाबरली होती असं आधी लिहिलेलं, ते काढून तिने कार्डावरचा चौकोन अंगठ्याने झाकून धरला होता असं लिहिलं, आणि मग घाबरण्याबद्दल एक शब्दही लिहावा लागला नाही.

मराठी शब्दांचं काय करायचं हा प्रश्न सगळेच विचारतात. मी मेतकूट तसंच ठेवलं, पुढे अर्थ दिला नाही, कारण कथाच त्या शब्दाचं भाषांतर न होण्याची होती. पण वीस मराठी शब्द पेरले असते तर ते लोणच्याच्या जाहिरातीसारखं झालं असतं. एक, फार तर दोन, आणि वाचणाऱ्याला आजूबाजूच्या वाक्यावरून अंदाज आला पाहिजे. वाक्प्रचारांचं भाषांतर मात्र करू नका, मी एकदा पोटात गोळा आला हे शब्दशः इंग्लिशमध्ये लिहिलं आणि मॅडमना वाटलं आईला अपेंडिक्स झालंय.

आता मुख्य घोळ, पाठांतर. इथे ट्यूशनवाले तयार कथा देतात, मुलं त्या पाठ करतात, आणि पेपरात काहीही येवो तीच ओकतात. दुसऱ्याची कथा स्वतःच्या नावावर लिहिणं हा तर सरळ प्लेजरिझम आहे, त्याबद्दल अकरावीच्या आधी ऑल माय ओन वर्क नावाचा कोर्स करून घेतात तो उगाच नाही. पण स्वतःची कथा पाठ करण्यातही गोची आहे आणि ती माझीच झाली. ट्रायल्समध्ये (म्हणजे आपली प्रिलिम, ऑगस्टच्या आसपास) चित्र आलं खिडकीचं. माझ्याकडे मेतकुटाची कथा स्वल्पविरामासकट पाठ. मी काय केलं, पहिल्या वाक्यात एअरपोर्टला एक खिडकी बसवली, शेवटच्या वाक्यात तीच खिडकी बंद केली, मधे सगळं जसंच्या तसं. वीसपैकी अकरा. शेरा होता की चित्र काढून टाकलं तरी कथेला काही फरक पडत नाही. झोंबलं पण खरंच होतं ते. नेसा, म्हणजे इथलं बोर्ड, त्यांच्या साइटवर जुने पेपर आणि मार्किंग फीडबॅक दोन्ही फुकट आहेत, त्यातही हेच सांगतात की आधी तयार करून आणलेलं उत्तर ओतू नका, दिलेल्या गोष्टीशी झटा. मी ते ट्रायल्सनंतर वाचलं. तुम्ही आधी वाचा.

ट्रायल्स ते फायनल मधल्या आठवड्यांत मी कथा पाठ करणं बंद केलं आणि तिचे सुटे भाग पाठ केले. आई कशी उभी राहते, डब्याचं झाकण उघडताना कसा आवाज येतो, ऑफिसरचे निळे हातमोजे, मागच्या लाइनीतलं रडणारं मूल, माझी जीभ अडकते तो क्षण. असे आठ-दहा तुकडे, प्रत्येक तीन-चार वाक्यांचा. आणि मग जुन्या पेपरांमधले प्रश्न एकेक घेऊन बसायचं आणि बघायचं की या प्रश्नासाठी कथेचा काटा कुठे फिरवायचा. शांततेबद्दल काही आलं तर कथा माझ्या गप्प बसण्याची, दार किंवा सीमा आली तर एअरपोर्टवरच्या पिवळ्या रेषेची, आठवण आली तर तोच डबा तीन वर्षांनी इथल्या स्वयंपाकघरात, रिकामा, त्यात आता सेफ्टी पिना. सामान तेच, पण कथा कोणाची आणि कशाबद्दल हे दरवेळी नवीन ठरवायचं. सुरुवात कधीच पाठ करायची नाही. पहिला पॅराग्राफ तिथेच, प्रश्न वाचून लिहायचा, नाहीतर ठिगळ लगेच दिसतं.

शिवाय त्याच सामानाचा एक डिस्कर्सिव्ह प्रकार करून ठेवा, कारण नुसती कथाच येईल याची खात्री नाही. डिस्कर्सिव्ह म्हणजे ललित लेखाच्या जवळचं काहीतरी, विषयाभोवती फिरत फिरत विचार करायचा, बाजू घेऊन भांडायचं नाही. खरं सांगू, आपल्याला मराठीत ललित वाचायची सवय असेल तर हे कथेपेक्षा सोपं जातं. माझं भाषांतर न होणाऱ्या खाण्याच्या शब्दांवरचं डिस्कर्सिव्ह कथेपेक्षा बरं झालं होतं.

रिफ्लेक्शनसाठी वेगळा अभ्यास लागत नाही, फक्त प्रत्येक ड्राफ्टच्या खाली दोन ओळी लिहून ठेवायच्या, वर्तमानकाळ का घेतला, संवाद कुठे तोडला आणि ही युक्ती नेमलेल्या कुठल्या टेक्स्टमधून उचलली. महिन्याभराने आठवत नाही. मला नाही आठवलं.

आणि हाताने लिहा. हे मी ओरडून सांगते कारण घरी सगळे लॅपटॉपवर ड्राफ्ट करतात आणि परीक्षा असते काळ्या पेनाची. एप्रिलपर्यंत मी टाइपच करत होते, पहिल्यांदा टायमर लावून हाताने लिहिलं तेव्हा चाळीस मिनिटांत कथा डब्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. मग दर रविवारी एक, एकदम घड्याळ लावून, पाच मिनिटं ठरवायला, तीस-बत्तीस लिहायला, उरलेली वाचून चुका काढायला. वाचणं सोडू नका, माझे आर्टिकल नेहमी गळतात, ए आणि द, मराठीत नसतातच ना ते.

फायनलला मला ८५ मिळाले पूर्ण इंग्लिश ॲडव्हान्स्डमध्ये (इंग्लिशचा वरच्या पातळीचा कोर्स), म्हणजे बँड पाच, वरून दुसरा. त्यात अर्धे मार्क शाळेच्या असेसमेंटचे असतात, त्यामुळे मेतकुटाने नेमके किती आणले ते कधीच कळणार नाही.

कथा आईला मराठीत सांगून दाखवली होती. कथेत ऑफिसर डबा ठेवून घेतो. ती म्हणाली, अगं पण त्याने दिला की परत, वास घेऊन हसला पण होता. मी म्हटलं हो, पण कथेत नाही देत. तर म्हणते, मग त्या बिचाऱ्याचं नाव कशाला खराब करतेस.